भंगारातलं एक्स टर्मिनल घरी चालवायचं तर आधी प्रोसेसर वाचा

हार्ड डिस्क नाही, फ्लॉपी नाही, सीडी नाही. पण मागे नेटवर्कचं सॉकेट, कीबोर्ड-माउसच्या जागा आणि आत एक बऱ्यापैकी भरगच्च बोर्ड आहे. असा डबा कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यात किंवा शुक्रवारी चोरबाजारात दिसला तर मोडका पीसी समजून पुढे जाऊ नका. ते बहुधा एक्स टर्मिनल असतं. १९८०च्या दशकाच्या शेवटापासून साधारण दहा वर्षं संशोधन संस्था, विद्यापीठं आणि डिझाइन ऑफिसांमध्ये एका मोठ्या युनिक्स मशिनवर अनेक जणांना खिडक्या, माउस आणि चित्रं मिळायची ती या डब्यांमुळे. पुढे पीसी स्वस्त झाला आणि यांची सद्दी संपली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तोवर यांची उतरण लागलेलीच होती.

तसं टर्मिनल हाती लागलं तर ते लॉगिनच्या पडद्यापर्यंत कसं न्यायचं, ते इथे क्रमाने देतो. माझं ठाम मत आधीच सांगतो: ब्रँड, पडद्याचा आकार, बाहेरून किती चकचकीत आहे, हे सगळं नंतर. आधी आतला प्रोसेसर बघा. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यावर ठरतात.

उलटा कारभार समजून घ्या

एक्स विंडो सिस्टिम १९८४ला एमआयटीत अथेना प्रकल्पाच्या वेळी सुरू झाली आणि सप्टेंबर १९८७मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. आजही चालते ती हीच. हिच्यात पडदा, कीबोर्ड आणि माउस ज्याच्या ताब्यात आहेत तो सर्व्हर. आणि प्रोग्रॅम, मग तो कितीही दांडग्या मशिनवर चालत असो, तो क्लायंट. म्हणजे तुमच्या टेबलावरचं टर्मिनल हा सर्व्हर आणि कोपऱ्यातला लिनक्स लॅपटॉप हा त्याचा क्लायंट. प्रोग्रॅम टर्मिनलच्या टीसीपी पोर्ट ६०००वर येऊन 'इथे रेघ काढ, तिथे अक्षर लिही' असं सांगतो. रेघ प्रत्यक्ष काढायचं काम टर्मिनलच्या प्रोसेसरचं.

म्हणूनच यांना नुसतं 'डम्ब', म्हणजे बिनडोक टर्मिनल, म्हणणं मला पटत नाही. बेल लॅब्जमध्ये १९८२च्या सुमारास बनलेल्या ब्लिट नावाच्या टर्मिनलमध्ये मोटोरोलाचा ६८००० होता, आणि त्याच्या विकायला आलेल्या अवतारात, टेलिटाइप ५६२०मध्ये, बेलचा स्वतःचा ३२ बिटी प्रोसेसर. त्या काळात बऱ्याच ऑफिसांच्या मुख्य संगणकातही एवढी ताकद नव्हती.

घेताना

भंगारवाला हा माल काट्यावर देतो, त्यामुळे किमतीपेक्षा माल अखंड मिळणं अवघड. सोनं काढणारे सिरॅमिकचे, सोनेरी झाकणाचे प्रोसेसर सगळ्यात आधी उपटतात. म्हणून गाळ्यातच चार स्क्रू काढून आत बघू द्या म्हणावं. नाही म्हणाला तर निदान वजन करायच्या आधी कानाशी हलवून बघावं. आतून खडखड आली तर विषय तिथेच संपला. कीबोर्ड आणि माउस त्याच ढिगात असतील तर तेही उचला. डेक, एचपी, एनसीडी या टर्मिनल बनवणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या मॉडेलांना स्वतःचेच कीबोर्ड लागतात आणि नंतर सुटा कीबोर्ड शोधणं हे टर्मिनल शोधण्यापेक्षा जिकिरीचं. पीसीचा पीएस-२ कीबोर्ड चालणारं मॉडेल मिळालं तर नशीब समजा.

झाकण काढून प्रोसेसर वाचणं

सगळ्यात मोठी चिप शोधा. तिच्यावर उष्णता घालवायचा ॲल्युमिनियमचा पंखेरी तुकडा चिकटवलेला असेल तर जोर करून उचकटू नका; शेजारच्या चिपांवरूनही अंदाज येतो.

लांबलचक, दोन्ही बाजूंना मिळून ६४ पायांची चिप आणि तिच्यावर 'एमसी ६८०००' असेल तर तुम्ही पहिल्या पिढीत आहात. एनसीडी १६ हे यातलं नामांकित मॉडेल: चौकोनी पडदा, १०२४ बाय १०२४ ठिपके, फक्त काळे-पांढरे. काळं-पांढरंच का, याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. ६८०००ला मेमरीतून दोन बाइट आणायला किंवा ठेवायला घड्याळाचे चार ठोके लागतात. घड्याळ १२.५ मेगाहर्ट्झ धरलं तर सेकंदाला जास्तीत जास्त ६.२५ दशलक्ष बाइट. काळ्या-पांढऱ्या पडद्याचा सगळा ऐवज १,३१,०७२ बाइट. तो एकदा वाचून एकदा लिहायला, म्हणजे अख्खा पडदा सरकवायला, निदान ४२ मिलिसेकंद. डोळ्याला खपतं. आता १०२४ बाय ७६८चा २५६ रंगांचा पडदा घ्या: ७,८६,४३२ बाइट, वाचून-लिहून त्याच्या दुप्पट, म्हणजे पाव सेकंद. तेही प्रोसेसरने स्वतःच्या सूचना वाचायला एक क्षणही घेतला नाही असं गृहीत धरून. रंग आले की ६८००० हाशहुश करायला लागतो, तो यामुळे.

त्यावर दोन तोडगे निघाले आणि तुमच्या हातातला डबा त्यांपैकी एका घराण्यातला असणार.

पहिला तोडगा, चित्रांसाठीच बनवलेला प्रोसेसर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस ३४०१० हा १९८६चा. याचं वैशिष्ट्य म्हणजे मेमरीचा पत्ता बाइटचा नसून एकेका बिटाचा असतो, आणि ठिपक्यांचा आयत इकडून तिकडे हलवायची सूचना चिपमध्येच आहे. डेकच्या व्हीटी १२००मध्ये हाच आहे. चौरस, ६८ पायांची प्लास्टिकची चिप बहुधा सॉकेटमध्ये बसवलेली दिसेल.

दुसरा तोडगा, सरळ वेगवान रिस्क (मोजक्या, साध्या सूचनांचा) प्रोसेसर टाकायचा आणि सगळं सॉफ्टवेअरमध्ये करायचं. एचपीच्या ७००/आरएक्स मालिकेत इंटेलचा आय९६० मिळेल. एनसीडीने मोटोरोलाचा ८८१०० वापरला. त्याच्याजवळ ८८२०० या कॅशच्या चिपा दिसल्या की खात्री पटते. पुढे एनसीडीच्या एचएमएक्समध्ये मिप्स घराण्यातला आर ४६०० आला आणि स्वस्तातल्या एक्सप्लोरात आयबीएमचा पॉवरपीसी ४०३. डेकच्या व्हीएक्सटी २०००मध्ये तर एका चिपेत मावलेला अख्खा व्हॅक्स, म्हणजे डेकच्या जुन्या मोठ्या संगणकाचा प्रोसेसर आहे.

घरी रोज वापरायचं असेल तर आर ४६००वालं किंवा आय९६०वालं घ्या. संग्रहात ठेवायचं आणि पाहुण्यांना दाखवायचं असेल तर ६८०००. पॉवरपीसी ४०३वालं एक्सप्लोरा हे मधलं: लहान, थंड, वजनाला हलकं आणि वन रूम किचनमध्येही मावणारं. सनचं सन रे मात्र दिसायला यांचं भावंड असलं तरी वेगळं प्रकरण आहे. १९९९चं ते यंत्र आतमध्ये मायक्रोस्पार्क बाळगून आहे, पण एक्स सर्व्हर त्याच्यात चालत नाही. तो दूरच्या मशिनवर चालतो आणि इथे नुसते ठिपके येतात. या लेखातली पुढची कृती त्याला लागू पडत नाही.

प्रोसेसरचा आणखी एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. एक्सच्या जोडणीत क्लायंट पहिल्याच बाइटमध्ये आपला बाइटांचा क्रम कळवतो आणि क्रम जुळला नाही तर उलटापालट करायची जबाबदारी सर्व्हरची, म्हणजे टर्मिनलची. ६८०००, ८८१०० यांचा क्रम मोठ्या टोकाकडून, म्हणजे आकड्याचा मोठा भाग आधी; तुमच्या इंटेल-एएमडी लॅपटॉपचा लहान टोकाकडून. त्यामुळे आज तुमचं ६८०००वालं टर्मिनल प्रत्येक विनंतीचे आकडे उलटे करत बसतं. ज्या काळातल्या सनच्या मशिनांना ते जोडलेलं असायचं त्यांचा क्रम त्याच्यासारखाच होता, म्हणून तेव्हा हा भार नव्हता. व्हॅक्सवाल्याला आजच्या लॅपटॉपशी जमवून घ्यायला ही अडचण येत नाही.

वीज देण्याआधी

इथे घाई नको. मागच्या बाजूला ११५/२३० असा सरकता स्विच असेल तर तो २३०वर आहे हे स्वतः बघा. परदेशातून आलेला माल बऱ्याचदा ११५वर असतो. त्या स्थितीत आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं; आपल्या २३० व्होल्टचे कपॅसिटरवर साडेसहाशे डीसी होतात आणि मोठा आवाज होऊन सगळं आटोपतं.

मग पॉवर सप्लायचं झाकण काढून कपॅसिटर बघा. डोकं फुगलेले, बुडाशी तपकिरी चिकट डाग असलेले बदलायचे. मेनच्या वाटेवर पिवळसर पारदर्शक, आत कागद दिसणारे चौकोनी कपॅसिटर असतील आणि त्यांना बारीक चिरा गेल्या असतील तर ते सरळ काढून नवे एक्स-२ प्रकारचे लावा. मुंबईच्या दमट हवेने त्या चिरांमधून ओल आत जाते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत घरभर घाण वासाचा धूर होतो. बोर्डवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल तर ती आजच कापून टाका. तिचं पाणी तांब्याच्या रेघा खातं. हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर व्हिनेगरने पुसून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं.

पडदा आतच असलेलं मॉडेल असेल तर ट्यूबच्या रबरी टोपीकडे आणि मानेकडे हात नेऊ नका. तिथे चालू असताना वीस हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि बंद केल्यावरही बराच काळ राहतात. हे काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडून करून घ्या. दादरला, गिरगावात असे लोक अजून आहेत आणि ट्यूब बघून खूश होतात.

पहिली वीज सिरीजच्या बल्बमधूनच द्यायची, ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब. शक्यतो बोर्डचा जोड काढून, आणि ५ व्होल्टच्या लायनीवर ५ ओहमचा १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावून, कारण बरेच जुने सप्लाय भार नसेल तर सुरूच होत नाहीत. रेझिस्टर कडक तापेल, लाकडावर ठेवू नका. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. मीटरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मध्ये आकडा आला की बोर्ड जोडायचा. सगळं सामान लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं. फक्त बल्ब घराजवळच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून आधीच घ्या.

पडदा आणि केबल

पडदा वेगळा असेल तर मागचा कनेक्टर बघा. १५ पिनांचा व्हीजीएसारखा असेल तर एखादा जुना चौकोनी एलसीडी लावून बघता येतो. तीन बीएनसी असतील तर सिंकचा सिग्नल हिरव्या वायरीवरून येतो. सगळे मॉनिटर तो ओळखत नाहीत, त्यामुळे विकत घ्यायच्या आधी मॉनिटरच्या माहितीपत्रकात 'सिंक ऑन ग्रीन' शोधा. काळ्या-पांढऱ्या जुन्या मॉडेलांचा सिग्नल मुळात वेगळ्या जातीचा असतो, तिथे त्याचाच मॉनिटर हवा.

नेटवर्कचं सॉकेट तीन प्रकारचं. आरजे-४५ असेल तर फारसा प्रश्न नाही, फक्त जुना १०/१००चा स्विच मध्ये ठेवा. नव्या वेगवान स्विचांचे काही पोर्ट १० मेगाबिटला ओळखच देत नाहीत. गोल बीएनसी असेल तर ५० ओहमची आरजी-५८ केबल आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लागतात. केबल टीव्हीवाल्याकडची वायर ७५ ओहमची असते, ती कनेक्टरमध्ये बसली तरी उपयोगाची नाही. १५ पिनांचं, सरकत्या खटक्याचं एयूआय असेल तर त्याला लावायचा छोटा ट्रान्सीव्हर शोधावा लागेल.

बूट सर्व्हर

खरा वेळ इथे जातो आणि खरी मजाही इथेच आहे. टर्मिनलला स्वतःचं सॉफ्टवेअर नसतं, म्हणजे असतं ते रॉममधलं जुजबी. चालू झालं की ते नेटवर्कवर ओरडतं: माझा पत्ता काय आणि मला कोणती फाइल उचलायची आहे? हे विचारायच्या तऱ्हा वेगवेगळ्या: आरएआरपी (१९८४), बूटपी (१९८५), आणि उशिराच्या मॉडेलांत डीएचसीपी. डेकच्या यंत्रांना डेकचा स्वतःचा मॉप लागतो, त्यासाठी लिनक्सवर मॉपडी चालवायचा. पत्ता मिळाल्यावर फाइल टीएफटीपीने, यूडीपी पोर्ट ६९वरून येते.

एका लॅपटॉपवर डेबियन टाका, त्यावर डीएनएसमास्क बसवा. बूटपी, डीएचसीपी आणि टीएफटीपी हे तिन्ही तो एकटा सांभाळतो. टर्मिनल आणि लॅपटॉप एका वेगळ्या स्विचवर ठेवा. घरच्या राउटरच्या जाळ्यात दुसरा डीएचसीपी सोडलात तर ऐन मॅचच्या वेळी सगळ्यांचं वायफाय आडवं होईल आणि तुमच्या छंदाला घरात कायमचा विरोधक मिळेल.

डीएनएसमास्कच्या फाइलमध्ये टर्मिनलचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क सॉकेटचा कायमचा क्रमांक) आणि त्याला द्यायचा ठरावीक आयपी लिहून टाका. बूटपी विचारणाऱ्यांना असा नेमून दिलेला पत्ता लागतोच. मॅक सहसा मागच्या लेबलवर असतो; लेबल फाटलं असेल तर नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा टीसीपीडम्प चालू करून मगच टर्मिनलला वीज द्या. पहिल्याच ओळीत विचारणाऱ्याचा मॅक दिसेल.

टीसीपीडम्पची ती खिडकी शेवटपर्यंत उघडी असू द्या, कारण टर्मिनल तिथे आपण होऊन सगळं सांगतं. आधी बूटपीची विनंती. मग तुमचं उत्तर. मग टीएफटीपीची वाचायची विनंती आणि तिच्यात फाइलचं पूर्ण नाव. विनंती पुन्हा पुन्हा येत राहिली आणि उत्तर जातच नसेल तर मॅक चुकीचा लिहिलाय किंवा फायरवॉल आडवी आलीय. उत्तर गेलं, फाइलही मागितली आणि 'फाइल सापडली नाही' आलं, तर मागितलेल्या नावाची फाइल त्या ठिकाणी नाही. एनसीडीच्या फाइलींची नावं मोठ्या एक्सने सुरू होतात, पुढे लहान अक्षरात 'एनसीडी' आणि मॉडेलचं लघुरूप. एक्स लहान काढलात तर लिनक्सला ती दुसरीच फाइल वाटते. नाव तंतोतंत द्या, फोल्डरसकट.

फाइल आणायची कुठून? एनसीडीचं एनसीडीवेअर, एचपीचं एनवेअर यांच्या प्रती आणि मॅन्युअलं जुन्या संगणकांच्या संग्रहांत सापडतात. बिटसेव्हर्स आणि इंटरनेट आर्काइव्ह इथून सुरुवात करा. इथेच पुन्हा प्रोसेसर आठवा: बूटची फाइल ही त्या प्रोसेसरसाठीच बनलेली असते. ८८१००ची फाइल आर ४६००ला भरवून चालत नाही. टर्मिनल घ्यायच्या आधी त्याच्या मॉडेलची फाइल मिळतेय का हे फोनवर तिथल्या तिथे बघणं हा माझा नियम आहे. फाइल नसेल तर कितीही देखणं असो, ते शोभेचंच.

लॉगिनचा पडदा

बूट झालं की राखाडी विणीचा पडदा आणि मधोमध फुलीच्या आकाराचा माउस दिसेल. याचा अर्थ एक्स सर्व्हर जिवंत आहे. लॉगिन दिसत नसेल तर आता दोष एक्सडीएमसीपीचा, बाकी कशाचा नाही. एक्सच्या १९८९च्या चौथ्या रिलीझमध्ये आलेला, टर्मिनलने लॉगिन मागायचा हा प्रोटोकॉल यूडीपी पोर्ट १७७वर चालतो.

लॅपटॉपवर लॉगिनचा पडदा देणारा एक्सडीएम टाका. आजच्या भारी डिस्प्ले मॅनेजरांपेक्षा तो सरळ आहे. त्याच्या मुख्य फाइलमध्ये अगदी शेवटी रिक्वेस्टपोर्टला शून्य दिलेली ओळ असते. तिच्या आधी उद्गारचिन्ह टाकून ती निकामी करा. मग एक्सॲक्सेस फाइलमध्ये कोणालाही लॉगिन द्यायची, नुसत्या ताऱ्याची जी ओळ आहे तिच्यापुढची खूण काढा. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये 'डायरेक्ट' निवडून लॅपटॉपचा आयपी द्या. टर्मिनलचं नाव आणि आयपी लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्येही लिहा, नाहीतर तो नाव शोधत बसतो आणि तुम्हाला वाटतं टर्मिनल अडकलं. यूडीपी १७७ लॅपटॉपच्या दिशेने आणि टीसीपी ६००० टर्मिनलच्या दिशेने, दोन्ही वाटा मोकळ्या हव्यात.

या सगळ्यात पासवर्ड उघडा जातो. म्हणून वेगळा युजर काढा आणि हा स्विच इंटरनेटला जोडू नका.

काय चालतं, काय नाही

एक्सटर्म, टीडब्ल्यूएम, एफव्हीडब्ल्यूएम, एक्सफिग, मोटिफवर बनलेले प्रोग्रॅम: सगळं झकास. २०१२ला मुक्त झालेलं सीडीई, म्हणजे युनिक्सचा जुना डेस्कटॉप, तर आर ४६००वर अगदी घरच्यासारखं वागतं. आजचा ब्राउझर मात्र नको. अक्षरं गुळगुळीत काढणारं रेंडर एक्स्टेन्शन २०००च्या सुमारास आलं, या टर्मिनलांना ते माहीतच नाही. मग प्रोग्रॅम प्रत्येक अक्षर चित्र म्हणून पाठवायला लागतो. १० मेगाबिटच्या तारेवर २५६ रंगांचा एक अख्खा पडदा चित्र म्हणून जायला सहा दशांश सेकंदांहून जास्त लागतात, तेव्हा प्रोसेसर कोणताही असो, तार अडवते. शिवाय नवे प्रोग्रॅम लाखो रंग आहेत असंच धरून चालतात. २५६ रंगांच्या पडद्यावर एकाने सगळे रंग बळकावले की बाकीच्या खिडक्या जांभळ्या-हिरव्या होतात.

फॉन्टसाठी लॅपटॉपवर एक्सएफएस हा फॉन्ट पुरवणारा प्रोग्रॅम चालवून त्याचा ७१०० पोर्ट टर्मिनलला सांगा. एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटून, द्यायच्या फंदात पडू नका. जुन्या टर्मिनलांना त्याची दुसरी आवृत्ती लागते आणि ती आजच्या लिनक्समध्ये सहसा बंद असते. देवनागरीचा बिटमॅप फॉन्ट एक्सएफएसमधून जातो, पण जोडाक्षरं जुळत नाहीत आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला पडते. मराठी मजकूर दाखवायचाच तर लॅपटॉपवर त्याचं काळं-पांढरं चित्र करून पाठवा.

मेमरी कमी वाटली तर बोर्डवर ३० किंवा ७२ पिनांच्या सिमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांच्या, जागा बघा. टर्मिनल पॅरिटीवाल्या (चूक पकडायला जादा बिट असलेल्या) मागत असेल तर साध्या घालून चालणार नाही. खिडक्या अचानक रिकाम्या दिसायला लागल्या तर दोष बहुतेक मेमरी संपल्याचा असतो.

जूनच्या आधी डबा उघडून धूळ ब्रशने झाडा, धुळीत ओल धरते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालवा. एसीच्या खोलीतून बाहेर आणलं असेल तर लगेच वीज देऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या. ट्यूब कायमची गेली असेल तर बोर्ड, सप्लाय आणि कीबोर्ड काढून ठेवा आणि ट्यूब परवानाधारक ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तिच्या काचेत शिसं असतं, भंगारवाल्याकडे परत गेली तर ती रस्त्यात फुटते.